परवा येणारा पाढा आज का येत नाही? गर्भातल्या दारूचा परिणाम लवकर आणि कमी खर्चात ओळखण्याविषयी

मालवण तालुक्यातल्या एका शाळेत तिसरीत शिकणारा एक मुलगा. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. सोमवारी त्याने चारचा पाढा माझ्यासमोर न अडखळता म्हटला. बुधवारी विचारला, तर ‘चार एके चार’ म्हणून थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. शाळेच्या पडवीत त्याची आजी बसली होती. ती म्हणाली, “परवा तेका सगळो पाढो येय होतो गो बाय. आज इचारलंस तर तोंड बघीत ऱ्हवता. मुद्दाम करता काय, माका समजणा नाय.”

मुद्दाम करत नव्हता. मी विशेष शिक्षिका आहे, अशी मुलं रोज बघते. शिकवलेलं डोक्यात जातं, पण हवं तेव्हा बाहेर येत नाही. त्याला सुट्टे पैसे मोजता येत नाहीत. ‘दप्तर भर, चप्पल घाल आणि बाहेर ये’ म्हटलं, की दप्तर भरून तो तिथेच उभा राहतो. गप्पा मात्र छान मारतो, त्यामुळे याला काही अडचण असेल असं कुणाला वाटतच नाही. प्रगतिपुस्तकातला शेरा ठरलेला: हुशार आहे, पण लक्ष देत नाही.

जेवणाच्या सुट्टीत आजीने मला बाजूला घेतलं. मुलाची आई आता या जगात नाही. आजी हळूच म्हणाली, “ती गरवार असताना घेय होती. घोवाबरोबर. कोणाक सांगा नको.”

हे ऐकल्यावर माझ्या मनात एक नवी शक्यता आली. तिचं नाव फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, थोडक्यात एफएएसडी. आई गरोदर असताना पोचलेल्या दारूमुळे बाळाच्या मेंदूच्या जडणघडणीवर झालेला, जन्मभर राहणारा परिणाम. या मुलाला तो असेलच असं नाही. पण असेल की नाही हे ठरवणार कोण, आणि त्याला किती दिवस, किती पैसे लागणार? परदेशात सध्या यावर बरंच काम चाललंय. आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने ते समजून घेण्यासारखं आहे.

आईने घेतलेली दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते. बाळाचं यकृत अजून कच्चं असतं, त्याला ती नीट मोडून टाकता येत नाही. शिवाय ती गर्भजलातही उतरते, म्हणजे आईची उतरली तरी बाळ काही काळ त्याच पाण्यात असतं. १९६८ साली फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमवान या डॉक्टरांनी अशा १२७ मुलांचं वर्णन केलं होतं. त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी तेच पुन्हा मांडलं, त्याला नाव दिलं, आणि मग जगाने दखल घेतली.

त्यांनी चेहऱ्याच्या ज्या खुणा सांगितल्या त्या आजही पाहतात: डोळ्यांची फट आखूड, वरचा ओठ पातळ, आणि नाकाखालून ओठापर्यंत उतरणारी पन्हळ सपाट झालेली. पण चेहरा घडतो गरोदरपणाच्या सुरुवातीच्या थोड्याच आठवड्यांत. मेंदू मात्र नऊ महिने घडत असतो. ते मोजके आठवडे टळले तर चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आणि मेंदूला इजा झालेली असू शकते. एफएएसडी असलेल्या बहुतेक मुलांचे चेहरे चारचौघांसारखेच असतात. ‘बघून कळेल’ हा भरवसा इथे चालत नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार दर हजार मुलांमागे सुमारे ८ जणांना एफएएसडी असतो. गरोदरपणात दारू घेतलेल्या साधारण १३ स्त्रियांमागे एकीच्या बाळाला तो होतो, असंही त्याच अभ्यासात आहे. हे दुसरं वाक्य मी आजीला दोनदा सांगितलं. आईने घेतली म्हणजे मुलाला झालंच, असं नसतं. आणि अमुक इतकी घेतली तर चालते, असं कुठलंही सुरक्षित प्रमाण आजवर सापडलेलं नाही, हेही तितकंच खरं.

पूर्ण तपासणीला काय काय लागतं

रक्त काढलं, यंत्रात घातलं आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं उत्तर आलं, अशी एफएएसडीची कुठलीही चाचणी नाही. कॅनडाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना पाहिल्या तर मेंदूच्या कामाचे दहा विभाग तपासायचे असतात. हालचाल, भाषा, स्मरण, लक्ष, शालेय अभ्यास, एकूण आकलन, भावना आवरणं, कामाची आखणी करून ते तडीस नेणं, रोजचं जगणं आणि चारचौघांत वागणं, शिवाय मेंदूची प्रत्यक्ष रचना. यातल्या किमान तीन विभागांत मूल खूपच मागे असावं लागतं. ‘खूपच’ म्हणजे त्या वयाच्या शंभर मुलांतली साधारण दोनच मुलं ज्या रेषेखाली येतात, तिच्याही खाली. यासाठी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचातज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट एकत्र बसावे लागतात.

कॅनडात कुणीतरी याचा हिशेब मांडला. २०१३ च्या त्या अभ्यासात एका व्यक्तीचं निदान पूर्ण व्हायला ३२ ते ४७ तास लागत होते आणि ३,११० ते ४,५७० कॅनेडियन डॉलर खर्च येत होता. श्रीमंत देशातही त्यामुळे रांगा लागतात.

आता हेच कुडाळहून बघा. रात्रीच्या कोकणकन्येने निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, नातेवाइकांकडे पथारी टाकायची, केसपेपर काढायचा. पहिल्या दिवशी डॉक्टर बघतात, बुद्ध्यांकासाठी पुढची तारीख मिळते. वाचातज्ज्ञाची तारीख तिसरीच. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशा दोन फेऱ्या केल्या आणि तिसरीला गेलंच नाही. फाइल अर्धी राहिली. त्यात कुणाचा आळस नव्हता. बोटीवर जाणाऱ्या माणसाचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाचा वाटा बुडतो.

आपल्याकडे साधनं अगदीच नाहीत असं मात्र नाही. बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी कामतांनी स्वातंत्र्यापूर्वीच मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली होती. सामाजिक परिपक्वता मोजणारी व्हाइनलँड मापनश्रेणी नागपुरात मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बदलून घेतली. दोन्ही अजून वापरात आहेत. अडचण अशी, की त्यांचे मापदंड जुने झालेत. आजच्या मुलाची तुलना त्याच्या पणजोबांच्या वर्गाशी केल्यासारखं होतं.

झटपट म्हणजे नेमकं काय लहान करायचं?

इथे संशोधकांचे दोन मार्ग दिसतात. एक मार्ग यंत्राचा. चेहऱ्याचंच घ्या. वॉशिंग्टन विद्यापीठात एक सॉफ्टवेअर तयार झालं, त्यात साध्या फोटोवरून डोळ्यांची फट मोजतात. फोटोवरून मिलिमीटर कसे कळणार? तर मुलाच्या कपाळावर ठरलेल्या मापाचा एक गोल स्टिकर लावतात. स्टिकरचं माप माहीत, म्हणून बाकीची मापं काढता येतात. मी हे वाचलं तेव्हा पहिलं मनात आलं ते आपल्या टिकलीचं पाकीट. पण चेहरा हा कोड्याचा छोटा तुकडा, शिवाय ओठांची, डोळ्यांची मापं समाजागणिक बदलतात. गोऱ्या मुलांवर बसवलेली मापं वेंगुर्ल्याच्या मुलावर जशीच्या तशी लावता येणार नाहीत.

जन्मानंतरच्या पहिल्या काळ्या, चिकट शीमध्ये दारूपासून तयार झालेले पदार्थ शोधता येतात. त्यावरून गरोदरपणाच्या उत्तरार्धात दारू पोचली का, हे कळतं. ती पहिल्या दोन-तीन दिवसांतच गोळा करावी लागते आणि प्रयोगशाळा महागडी लागते. शिवाय यातून दारू पोचली एवढंच कळतं, मेंदूला काय झालं ते कळत नाही.

दुसरा मार्ग मला जास्त आशेचा वाटतो. सगळ्या तपासण्या सगळ्यांच्या करायच्याच नाहीत. आधी गावातच सोपी चाळणी, त्यात अडकलेल्यांचीच पुढची तपासणी, आणि तज्ज्ञांकडे जायचं ते अगदी थोड्यांनी. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनपासून दीड हजार किलोमीटरहून लांब माउंट आयझा नावाचं खाणींचं गाव आहे. तिथे ग्रिफिथ विद्यापीठाने स्थानिक आदिवासी समाजाला बरोबर घेऊन अशी टप्प्याटप्प्याची पद्धत उभी केली आणि तपासली. तिच्यात वापरलेलं एक साधन आलं कुठून? ढाक्याहून. बांगलादेशातल्या डॉ. नायला झमान खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांची हालचाल, नजर, ऐकणं, बोलणं, समज, वागणूक एकाच बैठकीत जोखणारी पद्धत तयार केली होती. तज्ज्ञ नसलेल्या पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यालाही ती वापरता यावी, हा तिचा हेतू. गरीब देशाने गरजेपोटी केलेली गोष्ट श्रीमंत देशाने उचलली. याचा मला मनापासून आनंद होतो, आणि आपण ती का उचलत नाही असंही वाटतं.

चाळणी चांगली की वाईट, हे कसं ठरवायचं?

हा भाग सावकाश वाचा, सगळी मेख इथे आहे.

समजा, एका तालुक्यात हजार मुलं आहेत आणि त्यांतल्या २० जणांना खरोखर त्रास आहे. हा आकडा केवळ उदाहरणासाठी. आपली झटपट चाचणी त्रास असलेल्या शंभरातल्या ९० जणांना बरोबर पकडते, आणि त्रास नसलेल्या शंभरातल्या ९० जणांना बरोबर सोडते. ऐकायला उत्तम. आता मोजू. २० पैकी १८ सापडले, दोघं निसटले. उरलेल्या ९८० पैकी ९८ जण विनाकारण अडकले. म्हणजे चाचणीने ११६ मुलांवर बोट ठेवलं आणि त्यांत खरी १८, सहांत जेमतेम एक. या चाचणीवरच ‘निदान’ लिहून मोकळं झालो असतो, तर ९८ घरांत नसलेल्या आजाराची काळजी पोचवली असती.

आता त्या ११६ जणांनाच दुसरी, तितकीच चांगली चाचणी लावू. १८ पैकी १६ राहतात, ९८ पैकी १० राहतात. तज्ज्ञांकडे गेली २६ मुलं, त्यांत १६ खरी. हजार मुलांसाठी प्रत्येकी चाळीस तास धरले तर चाळीस हजार तास झाले असते. आता लागले हजाराच्या आसपास, दोन चाळण्यांचा वेळ वेगळा. पण वीस मुलांतली चार हातून निसटली, हेही त्याच वहीत लिहायला हवं.

जाळ्याची आस, म्हणजे दोऱ्यांमधलं भोक, मोठी ठेवली तर बारीक मासळी निसटते, बारीक ठेवली तर सगळा कचरा वर येतो. ही निवड कुणीतरी जाणूनबुजून करायची असते. पहिल्या टप्प्यात आस बारीक ठेवावी, असं माझं मत. थोडी जास्त मुलं अडकली तर पुढे सुटतील, निसटलेलं मूल मात्र कुणी पुन्हा शोधायला जात नाही. त्यासाठी दोन्ही चाचण्या वेगळ्या जातीच्या हव्यात. दोन्हीकडे शिक्षकांना तेच प्रश्न विचारले, तर पहिलीत झालेली चूक दुसरीतही होणार आणि वरचा हिशेब कोसळणार.

अशी पद्धत तपासताना तीच मुलं पूर्ण चमूकडूनही बघून घेतात, आणि त्या चमूला झटपट चाचणीचा निकाल सांगत नाहीत. सांगितला तर माणूस नकळत तिकडे झुकतो. एकाच मुलाला दोन वेगळ्या सेविकांनी तपासून उत्तर जुळतं का, हेही पाहतात. आणि शेवटी सगळ्यात कमी मोजली जाणारी गोष्ट: एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे जाताना किती मुलं गळली? दवाखान्याचा खर्च कमी झाला पण घरच्यांच्या फेऱ्या तेवढ्याच राहिल्या, तर ती पद्धत कुणासाठी स्वस्त झाली?

आपल्या किनाऱ्यावर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत. म्हणजे चाळणीची वाट तयार आहे. त्या कार्यक्रमाच्या तीस आजारांच्या यादीत एफएएसडीचं नाव नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांतही नाही. तरीही विकासातली दिरंगाई, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता ही नावं तिथे आहेत, आणि मुलाला मदत त्या वाटेने मिळू शकते.

कमी आहे ती एका प्रश्नाची. गावात गरोदर बाईला मशेरीबद्दल विचारलं जातं, कारण मशेरी घरोघर माहीत आहे. दारूबद्दल कुणी विचारत नाही, ‘आमच्याकडच्या बायका घेत नाहीत’ असं धरूनच चालतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात १५ वर्षांवरच्या १.३ टक्के स्त्रिया आणि १८.८ टक्के पुरुष दारू घेतात, असं आढळलं. स्त्रियांचा आकडा छोटाच आहे. पण घरात, सासूसमोर, पाहणीवाल्याला कोण खरं सांगणार?

विचारायचं तर एकटीला, आणि तिच्या भाषेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीचं तीन प्रश्नांचं छोटं रूप वापरतात: किती वेळा, एका बैठकीत किती, एकदम जास्त कितीदा. त्यात ‘ड्रिंक’ हे माप असतं. इथे माप नाइन्टी, क्वार्टर, माडीचा ग्लास. फेणीचा पेग आणि माडीचा ग्लास यांत दारूचं प्रमाण सारखं नसतं, तेव्हा प्रश्नच आधी आपल्या मापात बसवावा लागेल. आणि सुरुवात ‘दिवस गेल्याचं कळायच्या आधीच्या महिन्यात’ अशी हवी. कळल्यावर बऱ्याच जणी सोडतात, पण कळेपर्यंत दीड-दोन महिने गेलेले असतात. गरोदरपणाची नोंद करताना हे एका ओळीत लिहून ठेवलं, तर आठ वर्षांनी आजीला पडवीत कुजबुजावं लागणार नाही. याहून स्वस्त चाचणी कुठली?

दोन शंका मला नेहमी विचारतात. बाळंतिणीला थंडी बाधू नये म्हणून काही घरांत चमचाभर ब्रँडी देतात, त्याने हे होतं का? एफएएसडी गर्भातच होतो, त्यामुळे याने तो होत नाही. पण दारू अंगावरच्या दुधात उतरते, म्हणून तेही नको. आणि आसवं-अरिष्टं? आंबवून केलेली असल्याने त्यांत थोडं मद्य असतं, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. गरोदरपणात ती मनाने घेऊ नयेत, वैद्यांना विचारावं.

दारूचं नाव निघालं की सगळं दारूवर ढकलायचा मोह होतो. कमी दिवसांचं बाळंतपण, आईचा तीव्र अशक्तपणा, थायरॉइड, फिट्सवरची काही औषधं, विशेषतः व्हॅल्प्रोएट, यांनीही मिळतीजुळती चित्रं दिसतात. ऐकू न येणारं मूलही ‘लक्ष न देणारं’ दिसतं. म्हणून कान आणि डोळे आधी तपासायचे, ते स्वस्तही आहे.

हे सगळं करणार कोण, असा प्रश्न येतो तेव्हा मी गोव्याकडे बोट दाखवते. ‘संगत’ ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी जास्त दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशन सुरू केलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र शिकलेलेही नव्हते. स्थानिक, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. त्याची रीतसर चाचणी घेतली आणि २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: पिणं सोडणाऱ्यांचं आणि आटोक्यात आणणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं. तेव्हा ‘तज्ज्ञ नाहीत म्हणून होणार नाही’ हे कारण आता पुरत नाही. आणि ते पुरुषांशी बोलले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बाईच्या हातातला ग्लास पुष्कळदा नवऱ्याने भरलेला असतो. एफएएसडीची प्रत्येक चर्चा आईला आरोपी करून संपत असेल, तर पुढची बाई खरं बोलणार नाही, आणि सगळ्या चाळण्या फुकट जातील.

इतकी खटपट करून निदान झालं तर फायदा काय? औषध तर नाही. अमेरिकेत अ‍ॅन स्ट्राइसगथ आणि सहकाऱ्यांनी ४१५ जणांचा अभ्यास केला. ज्यांचं निदान लहानपणी झालं आणि ज्यांना स्थिर, प्रेमाचं घर मिळालं, त्यांची पुढे शाळा सुटण्यातून, पोलिसांच्या कटकटीतून, व्यसनातून वाचण्याची शक्यता दोन ते चार पटींनी जास्त होती. निदानाने मेंदू बदलत नाही, आजूबाजूची माणसं बदलतात.

पडवीतल्या त्या मुलाच्या बाकावर आता चार चित्रांची पट्टी चिकटवली आहे: दप्तर, पाण्याची बाटली, चप्पल, दरवाजा. एक सूचना, एक चित्र. पाढा रोज पहिल्यापासून म्हणायचा, ‘काल तर येत होता’ असं कुणी म्हणायचं नाही, एवढं वर्गाच्या बाईंशी ठरलंय. कान तपासून झाले, ठीक आहेत. जिल्ह्याच्या केंद्रासाठी चिठ्ठी लिहिताना आजी बाजूला बसून होती. विचारत होती, “तिका नावां ठेवतले काय?” मी लिहिलेली ओळ तिला वाचून दाखवली: गर्भावस्थेत मद्याशी संपर्क, होय, आजीच्या सांगण्यानुसार. आईचं नाव त्या ओळीत नाही. तारीख आम्ही जूनमधली घेतली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बाप घरी असेल, तोही बरोबर येईल.